अकरा परिच्छेद, तेही इंग्रजीत : न्यू जर्सीतला एक ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’ खटला

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याबद्दल कुणाला कळवळा येत नाही, आणि यायचं कारणही नाही. पण त्यामुळेच या खटल्यांत पोलिसांनी किंवा कोर्टाने एखादी पायरी गाळली, तरी फारसं कुणी विचारत नाही. आरोपीला तिथली भाषा येत नसेल तर विचारणारा आणखी एक माणूस कमी होतो, तो स्वतःच.

न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १२ जुलै २०१० रोजी अशाच एका खटल्याचा निकाल दिला. कायद्याच्या अहवालांत तो २०२ एन. जे. ४८५ या क्रमांकाने सापडतो. चालकाचं नाव इथे देत नाही, त्याची गरजही नाही. ‘इंग्रजी येत नाही म्हणून दारुड्याला सोडलं’ असा समज होऊ नये यासाठी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो : तो सुटला नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दलची त्याची शिक्षा शेवटपर्यंत कायम राहिली. रद्द झाली ती दुसऱ्या, वेगळ्या गुन्ह्याची शिक्षा, आणि खटल्यातली खरी गंमत तिथेच आहे.

ठाण्यात काय घडलं

२० सप्टेंबर २००७. एडिसनपासून फार लांब नसलेलं प्लेनफिल्ड हे गाव. दोन गाड्यांच्या अपघाताची खबर मिळाली म्हणून पोलीस अधिकारी तिथे पोचले. चालकाकडे त्यांनी इंग्रजीत कागदपत्रं मागितली, त्याला कळलं नाही. मग तेच स्पॅनिशमध्ये मागितल्यावर त्याने ती काढून दिली. म्हणजे या माणसाशी इंग्रजीत बोलून उपयोग नाही हे पहिल्या काही मिनिटांतच पोलिसांच्या लक्षात आलेलं होतं. दारूचा वास येत होता, एकूण अवस्थाही संशय यावा अशीच होती. त्याला अटक करून ठाण्यात आणलं.

ठाण्यात श्वास तपासायचं अल्कोटेस्ट यंत्र होतं. त्यात फुंकायला सांगण्याआधी अधिकाऱ्याने आरोपीला एक ठरावीक निवेदन वाचून दाखवावं, असा न्यू जर्सीचा कायदा आहे. अधिकाऱ्यांनी ते वाचलं. अकरा परिच्छेद, सगळे इंग्रजीत. हा प्रसंग व्हिडिओवर चित्रित झालेला आहे. वाचून झाल्यावर शेवटचा प्रश्न आला : नमुने देणार का? चालकाने मान हलवली, डोळ्याकडे बोट दाखवलं आणि आपल्याला कळत नाही असं स्पॅनिशमध्ये सांगितलं. उत्तर स्पष्ट ‘हो’ नसेल तर वाचायचा आणखी एक मजकूर असतो. अधिकाऱ्यांनी तोही वाचला. तोही इंग्रजीतच.

त्यानंतर नकार नोंदवला गेला.

नकार हा वेगळा गुन्हा

आपल्याकडच्या वाचकाला इथे थोडं थांबावं लागेल. न्यू जर्सीत दारू पिऊन गाडी चालवणं हा एक गुन्हा आहे आणि फुंकायला नकार देणं हा त्याहून स्वतंत्र गुन्हा. रस्त्यावर गाडी काढली की चाचणीला संमती दिली असं कायदा गृहीत धरतो, पण जबरदस्तीने तर फुंकायला लावता येत नाही. म्हणून नकारालाच शिक्षा ठेवलेली आहे. तेव्हा ती अशी होती : पहिल्या वेळी किमान सात महिने परवाना बंद, शिवाय दंड. या खटल्यातही सात महिनेच होते. २००५ सालच्या एका निकालापासून नकाराचा गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करणं सरकारवर बंधनकारक झालं. आणि सिद्ध करायच्या बाबींपैकी एक अशी, की नकाराचे परिणाम काय होतील ते पोलिसांनी आरोपीला सांगितलं होतं.

त्या अकरा परिच्छेदांत काय असतं ते नीट पाहायला हवं, कारण ‘फुंकलं नाहीस तर परवाना जाईल’ एवढ्यावर ते संपत नाही. तुम्हाला अटक झाली आहे. श्वासाचे नमुने देणं कायद्याने बंधनकारक आहे. चाचणीची नोंद होईल आणि तिची प्रत तुम्हाला मागता येईल. स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या पसंतीच्या माणसाकडून किंवा डॉक्टरकडून वेगळी तपासणी करून घेता येईल. थोड्या वेळापूर्वी तुम्हाला गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क सांगितला असेल, तर तो या चाचणीला लागू नाही. वकील येईपर्यंत थांबतो असं म्हणालात तरी तो नकार धरला जाईल. बिनशर्त ‘हो’ सोडून दुसरं काहीही म्हणालात, तरी नकारच.

यातली शेवटची अट त्या माणसाच्या जागी बसून वाचा. मान हलवणं म्हणजे नकार, हा नियम त्याला सांगितला गेला तो त्याला न कळणाऱ्या भाषेत. मग त्याने मान हलवली आणि त्या नियमानुसार तो गुन्हेगार ठरला. वेगळ्या तपासणीच्या हक्काचंही तेच झालं. यंत्राचा आकडा चुकीचा आहे असं पुढे म्हणायचं असेल तर तो हक्क त्याच रात्री वापरावा लागतो. चार महिन्यांनी कोर्टात दुभाषी शेजारी उभा राहिला तरी तोवर रक्तात काही उरलेलं नसतं.

भाषेच्या अडचणीबद्दल बोलताना आपल्या डोळ्यांसमोर नेहमी कोर्टाची खोली येते : साक्षीदार, न्यायाधीश, मध्ये दुभाषी. या माणसाला ते सगळं मिळालं होतं. म्युनिसिपल कोर्टात त्याने दुभाष्याच्या मदतीने साक्ष दिली, स्वतःची बाजू मांडली. खटला म्हणून पाहिलं तर बोट ठेवायला जागा नव्हती. पण नकाराचा गुन्हा घडतो तोच मुळी ठाण्यात, यंत्रासमोरच्या दोन-तीन मिनिटांत. ती मिनिटं न कळलेल्या भाषेत गेली असतील, तर कोर्टातला उत्तम दुभाषी एवढंच करू शकतो : तुम्ही गुन्हेगार कसे ठरलात ते तुम्हाला तुमच्या भाषेत समजावून सांगणं.

त्या साक्षीत एक गोष्ट पुढे आली. परवान्याची परीक्षा त्याने स्पॅनिशमधून दिली होती. न्यू जर्सीचं मोटार वाहन आयोग तेव्हा लेखी परीक्षा इंग्रजीशिवाय आणखी नऊ भाषांत घेत होतं. सरकारनेच त्याला, इंग्रजी येतं का हे न विचारता, रस्त्यावर गाडी चालवायला लायक ठरवलं होतं आणि त्याबद्दलचा कागदही दिला होता. तेच सरकार आता म्हणत होतं, की आम्ही इंग्रजीत वाचलं म्हणजे आमचं काम झालं. सरकारी पक्षाच्या युक्तिवादातला हा सगळ्यात कच्चा दुवा मला वाटतो.

चार विरुद्ध तीन

म्युनिसिपल कोर्टाने दोन्ही गुन्ह्यांत दोषी ठरवलं. वरच्या दोन पायऱ्यांवरही तेच झालं. २००९ मध्ये अपील विभागाने भाषांतराचं बंधन नाही असा निर्वाळा दिला, पण जाता जाता हेही सुचवलं, की आयोगाने निवेदनाचं स्पॅनिश आणि शक्य तर इतर भाषांत भाषांतर करून घ्यावं. अशी सूचना करावीशी वाटते याचा अर्थ काहीतरी खुपतंय, एवढं तरी त्यातून कळतं.

सर्वोच्च न्यायालयात चार न्यायमूर्ती एका बाजूला होते, तीन दुसऱ्या. बहुमताचं निकालपत्र मुख्य न्यायमूर्ती स्टुअर्ट रॅबनर यांनी लिहिलं. त्यांनी घटनेतल्या मोठ्या तत्त्वांकडे धाव घेतली नाही, कायद्याचा मजकूरच धरला. पोलिसांनी परिणामांची माहिती द्यावी असं कायदा म्हणतो. ज्याला भाषा कळत नाही त्याच्यासमोर वाचन झालं, तर आवाज झाला, माहिती मिळाली नाही. ठार बहिऱ्या माणसासमोर मोठ्याने वाचून कायद्याचं पालन होईल का, हा प्रश्नही निकालात येतो. त्याचं उत्तर कुणालाही देता येईल. हा माणूस इंग्रजी जाणत नव्हता याबद्दल वाद नव्हताच, व्हिडिओही होता. म्हणून सरकारला गुन्ह्याचा एक भाग सिद्ध करता आला नाही आणि नकाराची शिक्षा रद्द झाली.

पळवाटा मात्र बहुमताने बुजवल्या, आणि मला वाटतं या निकालाचं बळ त्यातच आहे. इंग्रजी येत नाही असं ज्याला म्हणायचं असेल त्याने ते स्वतः सिद्ध करावं. न्यू जर्सीच्या रस्त्यांवरचा सर्वसाधारण चालक इंग्रजी जाणतो असंच कोर्ट धरून चालेल. भाषा कळते, पण नशेत डोक्यात शिरलं नाही, हा बचाव चालणार नाही. स्वतः पिऊन आलेल्या माणसाला पिण्याचा फायदा मिळू नये, इतकं साधं ते आहे. प्रत्येक आरोपीला मजकूर खरोखर उमगला का, हे तपासत बसण्याचीही गरज नाही. माहिती त्याच्या भाषेत पोचवली गेली, एवढं पुरे.

अल्पमतातल्या न्यायमूर्ती जेनी लाव्हेकिया आणि त्यांच्याशी सहमत दोघांनाही भाषांतराची कल्पना वावगी वाटत नव्हती. त्यांचं म्हणणं वेगळं होतं : संमती कायद्यानेच गृहीत धरलेली आहे, निवेदन वाचावं असं कायदा सांगतो आणि ते वाचलं गेलं. भाषांतर हे चांगलं धोरण असेल, पण ते नसलं म्हणून गुन्हा पुसला जात नाही. या युक्तिवादात तथ्य नाही असं म्हणता येणार नाही. रक्तातली दारू दर मिनिटाला उतरत असते. मध्यरात्री एखाद्या छोट्या गावात दुर्मीळ भाषेचा जाणकार कुठून आणायचा, हा पोलिसांचा प्रश्न खोटा नाही. पण ‘कठीण आहे’ याचं उत्तर ‘म्हणून कुणालाच सांगू नका’ असं होत नाही. निकाल लागायच्या आतच आयोगाने नऊ भाषांत निवेदनाची प्रमाणित भाषांतरं करून घेतल्याचं सरकारी बाजूनेच कोर्टाला कळवलं होतं. ध्वनिमुद्रणाचं बटण दाबायला मध्यरात्रीही अडचण नसते.

त्या नऊ भाषा म्हणजे अरबी, चिनी, फ्रेंच, जपानी, कोरियन, पोलिश, पोर्तुगीज, रशियन आणि स्पॅनिश. एडिसन, जर्सी सिटीसारख्या भागांत भारतीय वस्ती एवढी दाट असूनही तेव्हाच्या यादीत एकही भारतीय भाषा नव्हती. मराठी मंडळी तिथे जातात ती बहुतेक इंग्रजीच्या जोरावरच, त्यामुळे मराठीची उणीव कुणाला जाणवली नसेल. गुजराती किंवा पंजाबी बोलणाऱ्या, दुकानं आणि ट्रक चालवणाऱ्या लोकांबद्दल तसं म्हणता येणार नाही. यादीबाहेरच्या भाषांचं काय करायचं ते कोर्टाने प्रशासनावर सोडलं.

मग शिक्षा कशावर टिकली?

यंत्रात फुंकलंच नाही, म्हणजे आकडा नाही. तरीही दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा सिद्ध झाला, तो अधिकाऱ्याच्या निरीक्षणांवर आणि एकूण परिस्थितीवर. न्यू जर्सीत ते चालतं. आणि इथे भाषेचा प्रश्न मागच्या दाराने परत येतो. निकालाने त्याला हात घातलेला नाही.

अमेरिकेत रस्त्याकडेला चालकाकडून कसरती करून घेतात : रेषेवरून नऊ पावलं टाचेला पायाचं बोट लावून चाल, वळ, तसाच परत ये, एक पाय उचलून मोठ्याने आकडे मोज. यात मोजला जातो तो नुसता तोल नव्हे. सूचना ऐकून लक्षात ठेवता येते का, सांगायच्या आत सुरुवात केली का, यालाही गुण असतात. सूचनाच न कळलेला माणूस दोन पावलं टाकून थांबतो, अधिकाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतो, भलत्याच पायावर उभा राहतो. नोंदीत त्याचं रूपांतर ‘सूचना पाळू शकला नाही’ असं होतं, आणि पिऊन आलेल्याच्या नोंदीत नेमकं हेच वाक्य असतं. तोडक्या भाषेत अडखळत बोलणं आणि जीभ जड होणं यांतला फरक ती भाषा न जाणणाऱ्या कानाला ओळखू येतोच असं नाही. नकाराच्या गुन्ह्यात भाषेची अडचण निदान उघड दिसते. इथे ती पुराव्याचा वेष घेऊन येते.

इतर राज्यांनी काय केलं ते थोडक्यात. इलिनॉयने १९९२ मध्ये एका पोलिश भाषकाच्या प्रकरणात आणि जॉर्जियाने २००२ मध्ये एका स्पॅनिश भाषकाच्या प्रकरणात ठरवलं, की इशारा इंग्रजीत दिल्याने घटनेचा भंग होत नाही. विस्कॉन्सिनने २००१ मध्ये एका बहिऱ्या चालकाच्या खटल्यात मधला मार्ग काढला : त्या परिस्थितीत वाजवी ठरतील असे प्रयत्न पोलिसांनी केले का, एवढं पाहायचं. आयोवाने २००८ मध्ये तोच धरला. पोलिसांना तो सोयीचा आहे, पण ‘वाजवी’ कशाला म्हणायचं यावर दर खटल्यात नव्याने भांडण होतं. न्यू जर्सीचा नियम कडक असला तरी लेखी मजकूर आणि ध्वनिमुद्रण तयार असेल, तर शिपायालाही तो जास्त सोपा जातो, असं माझं मत आहे.

युरोपात हा वाद कधीच पुढे गेला आहे. जर्मनीत एका तुर्की चालकाची गाडी उभ्या गाडीवर आदळली. प्रकरण किरकोळ वाहतूक नियमभंगाचं, पण दुभाष्याचे ६३.९० मार्क त्याच्याच माथी मारले गेले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९८४ मध्ये सांगितलं, की गुन्हा लहान म्हणून फुकट दुभाष्याचा हक्क लहान होत नाही. एवढ्याशा रकमेसाठी स्ट्रासबुर्गपर्यंत गेलेल्या त्या माणसाच्या चिकाटीला दाद द्यायला हवी.

आपल्याकडे

आपला मोटार वाहन कायदा अमेरिकेपेक्षा कडक आहे तो मर्यादेत : न्यू जर्सीत १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम, आपल्याकडे कलम १८५ खाली ३०. नकार हा मात्र आपल्याकडे तसा स्वतंत्र गुन्हा नाही. कलम २०५ म्हणतं, की चाचणीला नकार दिला किंवा ती टाळली, तर ती बाब सरकारी पुराव्याला बळ देणारी मानता येईल, पण वाजवी कारण दाखवलं नसेल तरच. न्यू जर्सीतल्या चालकाला ज्या बचावासाठी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, त्याच्यासाठी आपल्या कलमात दार आधीच ठेवलेलं आहे. काय सांगितलं तेच कळलं नाही, याहून वाजवी कारण कोणतं?

तरी ते दार फारसं कुणी ठोठावत नाही, याचं कारण नाकाबंदीची पद्धत. तोंडासमोर यंत्र येतं, ‘फुंक’ म्हटलं जातं आणि हा शब्द कुठल्याही भाषेत हाताच्या खुणेनेच कळतो. अडचण त्यापुढे सुरू होते. महामार्गावर पकडलेला तमिळ किंवा ओडिया ट्रकचालक मराठी पंचनाम्यावर सही करतो, सरकारी रुग्णालयात रक्त देतो आणि दंडाधिकाऱ्यांसमोर ‘गुन्हा कबूल?’ या प्रश्नाला मान डोलावतो, कारण दंड भरला की गाडी सुटते असं त्याला कुणीतरी बाहेर सांगितलेलं असतं. पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. तेच पुन्हा घडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. आज डोलावलेली मान पुढच्या खेपेला महागात पडते, हे त्याला त्या दिवशी कुणी सांगत नाही.

कायदा कमी आहे असं नाही. आरोपीला न कळणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती खुल्या न्यायालयात त्याच्या भाषेत समजावून सांगावी, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७९ मध्ये होतं, आता ते नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३१४ मध्ये आहे. नागपूरच्या एका स्थानबद्धाला इंग्रजीत आदेश दिला होता. त्याने हिंदी प्रत मागितली, ती नाकारली. पोलिसांनी तोंडी हिंदीत समजावलं होतं, पण सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये ते अपुरं ठरवलं. वरळीत जुलै २०२४ मध्ये आलिशान गाडीच्या धडकेत एका महिलेचा जीव गेला. त्या प्रकरणातूनच सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेल्या अपिलात नोव्हेंबर २०२५ मध्ये ठरलं, की अटकेची कारणं लेखी आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यायची, तीही दंडाधिकाऱ्यांपुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी.

पण हे सगळे नियम अटकेपासून पुढचे आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०३ खालचं फुंकणं होतं ते बहुधा अटकेच्या आधी, रस्त्यावर. त्या क्षणी चालकाला काय सांगायचं याचा ठरावीक मजकूर आपल्या कायद्यात नाही. न्यू जर्सीत भांडण झालं ते मजकुराच्या भाषेवरून. आपल्याकडे आधी मजकूरच लिहावा लागेल. नकार दिल्यास कलम २०५ काय म्हणतं, अटक झाल्यास कलम २०२ प्रमाणे दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडावं लागतं, अशी पाच-सहा वाक्यं. महाराष्ट्रापुरती मराठी, हिंदी, तेलुगू, तमिळ, कन्नड, गुजराती एवढ्या भाषांत ध्वनिमुद्रित केली तरी महामार्गावरचे बहुतेक चालक त्यात येतील. गोव्यात पर्यटकांसाठी रशियनही लागेल.

तोवर वकिलांच्या हातात एक गोष्ट आहे. न्यू जर्सीतल्या चालकाच्या बाजूने सगळ्यात जास्त बोलला तो ठाण्यातला व्हिडिओ. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये देशभरातल्या पोलीस ठाण्यांत आवाजासह चित्रीकरण करणारे कॅमेरे लावायला आणि ते चित्रण १८ महिने जपायला सांगितलं आहे. अशिलाला मराठी येत नसेल, तर ते चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज पहिल्या तारखेलाच द्यावा. जबाबाच्या वेळी दुभाषी कोण होता, त्याचं नाव कागदावर आहे का आणि तो ठाण्यातलाच शिपाई होता का, हे उलटतपासणीत विचारावं.